नमाजची वेळ विचारली, ठिकाण विकले गेले

रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत एक छापील तक्ता वाटला जातो. वर सहेरी-इफ्तारच्या वेळा, खाली कुणा कापड दुकानदाराची नाहीतर बिर्याणी सेंटरची जाहिरात. महिनाभर तो आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटलेला असतो. या व्यवहारात एक सरळपणा आहे. दुकानदाराने छपाईचे पैसे दिले, बदल्यात त्याचे नाव आपल्या डोळ्यांसमोर राहिले. तक्ता कोण वाचतो, कुठे बसून वाचतो आणि तिथून उठून कुठे जातो, हे त्याला कळत नाही. त्याला ते जाणून घ्यायचेही नसते.

गेल्या काही वर्षांत या तक्त्याची जागा मोबाईलमधल्या अ‍ॅपने घेतली. अजान, किब्ल्याची दिशा, कुरआनची तिलावत, सगळे एका ठिकाणी आणि फुकट. यातले सर्वाधिक नावाजलेले अ‍ॅप ‘मुस्लिम प्रो’. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने बातमी दिली की, हे अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती. ठिकाणांची माहिती गोळा करून विकणे हाच एक्स-मोडचा धंदा. तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदारही होते. त्यावेळी हे अ‍ॅप जगभरात तब्बल ९ कोटी ८० लाख वेळा डाउनलोड झालेले होते.

बातमी आली, गदारोळ झाला. आपण लष्कराला थेट काही विकलेले नाही, असा खुलासा अ‍ॅपच्या कंपनीने केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. खुलासा शब्दशः खरा असेलही. पण ‘थेट’ या एका शब्दातच सगळी गोम आहे. अ‍ॅप बनवणारे सगळेच काम स्वतः करत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांनी तयार करून दिलेले कोडचे तुकडे ते आपल्या अ‍ॅपमध्ये बसवतात. असा एक तुकडा बसवण्याचे एक्स-मोड पैसे देत असे. एकदा तो बसला की, नमाजच्या वेळेसाठी आपण ठिकाणाची जी परवानगी दिलेली असते, तिच्याच आडून माहिती दलालाकडे जाऊ लागते. दलालाकडून कंत्राटदाराकडे, तिथून पुढे कुणाकडे, ते आपल्याला कोण सांगणार? यात कुणी मुसलमानांविरुद्ध कट रचला असे मला म्हणायचे नाही. कटाची गरजच नव्हती. हवामानाच्या, खरेदीच्या, डेटिंगच्या अ‍ॅपमधूनही अशीच माहिती विकली जात होती. बाजाराचा हा नित्यक्रम होता आणि आपली इबादत त्या बाजारातला एक माल होती, एवढेच.

मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. नमाजची वेळ काढायला माणसाचे नेमके ठिकाण लागतच नाही. तारीख आणि गावाचे अक्षांश-रेखांश एवढे पुरते. बाकी हिशेब सूर्याचा आहे, तो फोन स्वतःच करू शकतो, इंटरनेटसुद्धा नको. मुंबई आणि पुण्याच्या मगरिबमध्ये साधारण चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि नागपूरमध्ये पंचवीसेक मिनिटांचा, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. म्हणजे गावाचे नाव टाकले की काम झाले. मी कोणत्या गल्लीत आहे, दवाखान्यात आहे की वकिलाकडे, याचा अस्रच्या वेळेशी काडीचा संबंध नाही. जे लागत नाही ते मागितले जाते, तेव्हा ते आपल्यासाठी मागितलेले नसते.

‘पण आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?’ असे विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. जुम्याला मशिदीत गेलो, हे सगळ्या गावाला माहीत असते, मग कंपनीला कळले तर बिघडले कुठे? त्यांनी न्यूयॉर्कच्या मुसलमानांना विचारावे. २००१ नंतर तिथल्या पोलिसांनी मशिदी, हलाल हॉटेले आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटना यांच्यावर वर्षानुवर्षे गुप्त पाळत ठेवली. ‘असोसिएटेड प्रेस’ने २०११ मध्ये ते उघड केले आणि त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. नंतर एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की, त्या पथकाच्या कामातून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नाही. त्यासाठी पोलिसांना माणसे पेरावी लागली होती, वह्या भराव्या लागल्या होत्या. अ‍ॅपमधून मिळणाऱ्या माहितीला यातले काहीच लागत नाही, ती आपण स्वतः खिशात घेऊन फिरतो.

आणि न्यूयॉर्कपर्यंत तरी कशाला जायचे? मार्च-एप्रिल २०२० आठवून पाहा. निजामुद्दीनच्या मरकजच्या परिसरात कुणाचा मोबाईल होता, याच्या नोंदींवरून माणसे शोधली गेली. कुठेतरी असणे, एवढ्यानेच माणूस संशयित ठरत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. न्याय मिळाला, पण मधल्या पाच महिन्यांत भाजीवाल्यांना, फेरीवाल्यांना काय सोसावे लागले ते आपण पाहिले आहे. त्या नोंदी टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या, अ‍ॅपच्या नव्हत्या, हे मान्य. पण ठिकाणाची माहिती निरुपद्रवी असते, असे निदान आपण तरी म्हणू नये.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोडला आणि तिच्या नव्या अवताराला दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा संवेदनशील जागांची माहिती विकण्यास मनाई केली. बातमी छापून आल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.

मुस्लिम प्रो आवडले नाही तर काढून टाकता येते. अशी डझनभर अ‍ॅप आहेत, शिवाय फ्रिजवरचा तक्ता आहेच. म्हणजे तिथे अविश्वासाला काही किंमत आहे. गिऱ्हाईक उठून गेले की कंपनी खुलासा करते. जिथून उठताच येत नाही, तिथे काय करायचे?

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने कोट्यवधी भारतीयांच्या फोनवर एक सूचना पाठवली. नवे धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खाते वापरता येणार नाही. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. दोन निळ्या टिक आणि एक लाल आली म्हणजे सरकार तुमचा मेसेज वाचते, ही जुनी थाप पुन्हा फिरू लागली. (तीन रंगांच्या टिकांवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा छापील बातमीवर नाही!) शेवटी भाच्यांनी सगळ्यांना सिग्नलवर नेले. सगळा देशच तिकडे धावत होता. १५ जानेवारीला सिग्नलची सेवा गर्दीने कोलमडलीदेखील. दोन आठवड्यांनी बडी खालाचा फोन आला, “सब लोगां उधरच हैं, मैं इधर अकेली किससे बात करूँ?” महिनाभरात आम्ही सगळे परत जुन्या ग्रुपवर होतो. मीसुद्धा. जनाजाची खबर, मदरशाची फी, किराणावाल्याची यादी, मुलीच्या शाळेचा अभ्यास, सगळे तिथेच येते.

खालाने दोन वाक्यांत जे सांगितले, ते भारतीय स्पर्धा आयोगाला सिद्ध करायला जवळपास चार वर्षे लागली. आयोगाने स्वतःहून दखल घेतली, मार्च २०२१ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ती चौकशी थांबवण्यासाठी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली, दोन्हीकडे हरली. अखेर १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने निकाल दिला. भारतात या सेवेचे वर्चस्व आहे आणि ‘घ्यायचे तर घ्या, नाहीतर निघा’ अशा अटी लादून तिने त्या वर्चस्वाचा गैरवापर केला. दंड २१३ कोटी १४ लाख रुपये. शिवाय जाहिरातींसाठी वापरकर्त्यांची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी. अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये बंदीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती रद्द केली. दंड कायम राहिला.

२१३ कोटी ऐकायला मोठे वाटतात. मेटाचे २०२४ चे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते. भागाकार करून पाहिला तर हा दंड त्यांच्या ८० मिनिटांच्या उत्पन्नाएवढा भरतो. एक सिनेमासुद्धा पुरा होत नाही तेवढ्यात.

कंपनीची बाजू अशी की, खाजगी मेसेज कुणालाच वाचता येत नाहीत, ते २०१६ पासून पूर्णपणे कुलूपबंद आहेत. हे खरे आहे, आणि लाल टिकवाल्यांनी ते समजून घ्यावे. पण लिफाफ्यातले पत्र वाचता येत नसले तरी लिफाफ्यावरचे सगळे वाचता येते. कुणाचा नंबर, कोणता फोन, कुठल्या भागातून, किती वेळा, कोणत्या दुकानाशी. जाहिरात विकणाऱ्याला पुष्कळदा पत्रापेक्षा लिफाफाच जास्त सांगून जातो.

कुलूप मजबूत असले तरी घर सुरक्षित असतेच असे नाही, हेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये पेगासस या इस्रायली हेरगिरीच्या साधनाने जगभरातल्या सुमारे १,४०० व्हॉट्सअ‍ॅप वापरकर्त्यांना लक्ष्य केल्याचे उघड झाले. त्यात भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्तेही होते. इथे न्यायाने सांगायला हवे की, पेगाससच्या कंपनीविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅपच न्यायालयात गेले, आणि जिंकले. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे खुद्द सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. त्यामुळे ‘कंपनीवर भरवसा नाही, सरकारच आपले रक्षण करील’ असे म्हणायलाही जीभ रेटत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोठी वाट सरकारने स्वतःसाठी ठेवून घेतली आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर आणखी दीड वर्षाने लागू व्हायची आहेत.

या सगळ्यात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे संमती. निकाहच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जाऊन तिला विचारतात, कबूल आहे का? ती नाही म्हणू शकते, म्हणून तिच्या हो म्हणण्याला अर्थ आहे. नाही म्हणालीस तर घराबाहेर काढू, अशी धमकी देऊन घेतलेल्या ‘कबूल’ला कुठला काझी मान्यता देईल? व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनेखाली आम्ही जे बटण दाबले ते या जातीचे होते. २०१६ मध्ये, फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरना घेतल्यानंतर दोन वर्षांनी, जेव्हा पहिल्यांदा धोरण बदलले, तेव्हा निदान जुन्या वापरकर्त्यांना नकार द्यायला तीस दिवस दिले होते. २०२१ मध्ये तेही उरले नाही. मधल्या पाच वर्षांत आम्ही सगळे आत आलो होतो आणि दार बाहेरून लागले होते, हे एवढेच त्याचे कारण मला दिसते. याच खरेदीच्या वेळी, दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असे फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते. ते दिशाभूल करणारे होते म्हणून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला.

म्हणून मला वाटते, खाजगीपणाचा प्रश्न आणि स्पर्धेचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. सेटिंग कसे बदलावे, कोणती परवानगी काढावी, यावर आपल्याकडे भरपूर व्याख्याने होतात. मदरशांत, महाविद्यालयांत मीही दोन-चार दिली आहेत. ती निरुपयोगी नाहीत. पण सगळी जबाबदारी बडी खालावर टाकून मोकळे होण्याचा तो प्रकार आहे. सत्तर वर्षांच्या बाईने इंग्रजीतले धोरण वाचावे, समजून घ्यावे आणि पटले नाही तर आपल्या बहिणींशी बोलणे सोडावे?

यावर उपाय आपल्याला ठाऊक आहे, आपण तो वापरलेलाही आहे. जानेवारी २०११ पासून देशभरात नंबर न बदलता मोबाईल कंपनी बदलता येते. आणि कंपनी कोणतीही असो, जिओवरून एअरटेलला फोन लागतोच. खालाला माझ्याशी बोलायला माझ्याच कंपनीचे सिमकार्ड घ्यावे लागत नाही. मेसेजच्या बाबतीत ही सोय का नसावी? युरोपने तसा कायदाच केला आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या सेवांवरून आलेल्या मेसेजसाठी दार उघडणे भाग पडले. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला आणि उद्योगांच्या विरोधात रेंगाळला. त्यासाठी एखादा मोर्चा निघाल्याचे मी तरी पाहिले नाही. आमच्या तंजीमा, जमाती, शिक्षक संघटना निवेदने द्यायला मागे नसतात. या विषयावर एक निवेदन द्यायला काय हरकत आहे? त्यात मुसलमानांचे वेगळे असे काही मागायचे नाही. फक्त खालाचे वाक्य त्यांच्या भाषेत लिहायचे आहे.

मी नमाजच्या अ‍ॅपची ठिकाणाची परवानगी काढून टाकली आणि गावाचे नाव हाताने टाकले. मशिदीच्या तक्त्याशी ताडून पाहिले, मगरिबमध्ये एका मिनिटाचाही फरक नाही. व्हॉट्सअ‍ॅप तसेच आहे. परवा पहाटे आमच्या गल्लीतल्या एका बुजुर्गांचा इंतकाल झाला. जनाजा जुहरनंतर, ही खबर मला तिथेच मिळाली. सिग्नलवरच्या खानदानाच्या ग्रुपमध्ये शेवटचा मेसेज फेब्रुवारी २०२१ चा आहे, माझ्या भाच्याचा: ‘कोई है?’