परवानगी आपली, धंदा त्यांचा



2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी करावी लागली. सातबाऱ्यावर पीक चढवायला 2021 पासून ई-पीक पाहणी आली. पीएम किसानच्या हप्त्याला ई-केवायसी आली. फोन ही आता चैन नाही. वखर-तिफणीसारखे ते शेतीचे अवजार झाले आहे. भुरट्यांनी नेमके हेच अवजार हेरले आहे.

"तुमचा हप्ता अडकला आहे", "फोनमध्ये व्हायरस शिरला", "बक्षीस लागले" अशा सूचना पडद्यावर दिवसभर टपकत राहतात. फोन बिघडला, असे आपण समजतो. बहुतेक वेळा फोन ठणठणीत असतो. या सूचना येतात त्या आपल्याच परवानगीने.

बाजारभाव शोधता शोधता एखादी वेबसाइट उघडते आणि चौकट येते: नोटिफिकेशन पाठवू का? खाली 'अलाऊ' हे बटण. बनेल वेबसाइट सांगते, "तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा." ही शुद्ध थाप आहे. त्या बटणाचा अर्थ एकच: वाटेल तेव्हा, वाटेल ते पाठवायला मोकळीक. ती वेबसाइट नंतर बंद केली तरी मोकळीक कायम राहते. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा द्यावा, तसाच हा प्रकार.

यात कोणाचा फायदा? गूगलनेच ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले की, शंभरातल्या एकाही नोटिफिकेशनला लोक धड हात लावत नाहीत. मग पाठवतात कशाला? कारण पाठवायला जवळजवळ खर्च नाही. बियाणे फुकट आणि रान दुसऱ्याचे. हजारात एक दाणा उगवला तरी पेरणारा फायद्यातच.

शेतकरी अडाणी म्हणून फसतो, असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, शहरातले शिकलेलेही याच बटणावर फसतात. दोष अंगठ्याचा नाही. अंगठा घेण्यासाठी रचलेल्या डावाचा आहे. 'सावध राहा' एवढ्या उपदेशाने काही होत नाही. उपाय हातात हवा, आणि तो आहे.

नुसती सूचना सरकवून टाकणे म्हणजे कुंदा वरून कापणे. तो पुन्हा फुटतो. मूळ काढायचे असे: क्रोम उघडा. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. ज्या वेबसाइटना परवानगी दिली त्यांची यादी दिसेल. अनोळखी नाव दाबा आणि परवानगी बंद करा. त्याच पानावर सगळ्यांनाच विचारायची मनाई करता येते. हवामानाची किंवा भावाची कामाची वेबसाइट असेल, तेवढी ठेवा.

नुसत्या सूचनेने खात्यातले पैसे जात नाहीत. ती दाबून अॅप उतरवले, ओटीपी किंवा पिन दिला की जातात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. 'व्हायरस सापडला' म्हणणाऱ्या वेबसाइटला तुमचा फोन तपासताच येत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा, बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे अवघड.

एक मागणी मात्र ठामपणे केली पाहिजे. ज्या खात्यांनी शेतकऱ्याला अॅपची सक्ती केली, त्यांनी नोंदणीच्या टेबलावरच ही परवानगी बंद करून दाखवावी. बाजारात ढकलायचे आणि खिसेकापूंबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा न्याय नव्हे.

खात्यांना जाग येईल तेव्हा येईल. आज बैठकीत ज्याला हे जमते त्याने शेजारच्याचा फोन उघडून यादी साफ करून द्यावी. घरी गेल्यावर बायकोचा, म्हाताऱ्या आईवडिलांचा फोनही पाहावा.