‘तो’ चहा, ‘ते’ पुस्तक
मराठी शिकणारा हिंदीभाषक वहीत लिहितो, ‘माझी चहा थंड झाली’, ‘मी पुस्तक वाचली’. हा निष्काळजीपणा नव्हे. हिंदीत ‘चाय’ आणि ‘पुस्तक’ दोन्ही स्त्रीलिंगी. पण लिखाणातल्या अशा चुका दुरुस्त कराव्यात का? व्याकरणदुरुस्तीचा उपयोग नाही, उलट अपायच होतो, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली ठासून मांडलं. १९९९ मध्ये याच विषयाच्या अभ्यासक डेना फेरिस यांनी निवडक, स्पष्ट दुरुस्तीची बाजू घेतली. पटतं ते फेरिस यांचंच. अख्खं पान लाल केलं की शिकणारा हिरमुसतो, हे खरं. पण ‘चहा’भोवती गोल करून शेजारी नुसतं ‘तो’ लिहिलं, तर पुढच्या वेळी त्याचा हात आपोआप थबकतो. बोलताना मात्र आपण मराठीभाषक शिकणाऱ्याची चूक कानाआड करतो, चटकन हिंदीवर येतो आणि त्याचं शिकणं तिथंच अडतं. ओळखीतलं कुणी मराठी शिकत असेल, तर त्याच्या चार ओळी वाचा, एक तरी चूक आपुलकीनं दाखवा.