डब्यातला युरिया

शिरगावात राहणाऱ्याला डंपर नवा नाही. बदलापुरातल्या इमारती त्याच्याच पाठीवरून आल्या. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा फाटाही आपल्याजवळूनच जातो, म्हणजे ट्रेलर वाढणार. पण काळ्या धुराबद्दल मला लिहायचं नाही. तो दिसतो, लोक ओरडतात. न दिसणारा धूर लपवायचा एक धंदा आहे आणि तो माझ्याच विद्येतून निघाला आहे, म्हणून हे लिहितोय.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू आहे. अवजड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आली. ही घट मुख्यतः युरियामुळे शक्य झाली. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. गरम धुरात तो फवारला की अमोनिया तयार होतो आणि पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. युरियाची टाकी रिकामी झाली की इंजिनाचा संगणक गाडीची ताकद कमी करतो.

आता तो डबा बघा. त्याला एम्युलेटर म्हणतात. वायरिंगमध्ये जोडला की तो संगणकाला सांगत राहतो: युरिया आहे, सगळं ठीक आहे. काही जण तेवढंही करत नाहीत, लॅपटॉप लावून प्रोग्रॅमच बदलतात. युरियाचे पैसे वाचतात, गाडी जोरात पळते आणि पीयूसीही मिळते! कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. मापात पाप म्हणतात ते हेच. हा वायू दमा वाढवतो, उन्हात त्यातून ओझोन बनतो, आणि तो सर्वात आधी ड्रायव्हर आणि रस्त्याकडेच्या टपरीवाल्याच्या छातीत जातो.

ही युक्ती आपल्याकडच्या पोरांनी शोधलेली नाही. अमेरिकेत १९९८ साली ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांना ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला. चाचणीत स्वच्छ आणि महामार्गावर घाण असा प्रोग्रॅम त्यांनी सुमारे १३ लाख इंजिनांत घातला होता. तो लिहिणारे माझ्यासारखेच पदवीधर इंजिनिअर होते.

आपल्या किती घरांची चूल गॅरेज, ट्रक आणि सुट्या भागांवर पेटते हे वेगळं सांगायला नको. मालक म्हणतो, डबा बसव. बसवणारा पोरगा विशीतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर. मालक घरी असतो. म्हणून डब्याला नाही म्हणा, आणि हेच स्कॅनर चालवण्याचं कसब खरी दुरुस्ती करायला वापरा. बीएस-६ च्या गाड्या जुन्या होत आहेत, काम भरपूर आहे.

पण सगळा भार पोरांच्या इमानावर टाकून चालणार नाही. इंजिनाच्या प्रोग्रॅमला एक पडताळणी क्रमांक असतो. प्रोग्रॅम बदलला तर तो जुळत नाही आणि साध्या स्कॅनरवर कळतं. बाहेरून लावलेला डबा मात्र त्यात सापडत नाही, त्यासाठी धुरातला वायूच मोजायला हवा. अवजड गाड्यांच्या तपासणीत या दोन्ही गोष्टी कधी सुरू होणार, हे कल्याणच्या आरटीओला विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार करतोय. तुमच्यापैकी कुणी गॅरेजमध्ये काम करत असेल, तर प्रश्न नेमके करायला मला मदत करा.