शोध विद्यापीठात, कारखाना कोठे?

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांत चाळीस-चाळीस किलो वजनाचे आरसे! हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला हे यावे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेहून यावयाचे. मग हट्ट्याच्या पदवीधर मुलाने काय करावे? फाटकावर पहारा?

असले आरसे वसमत तालुक्यात घडावेत, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण प्रकाशविद्येची एक धाकटी शाखा आहे, भिंगे छापण्याची. द्रवरूप राळेत लेसरचा किरण एकवटला की तेवढाच बिंदू घट्ट होतो. बिंदूला बिंदू जोडीत भिंग आकारास येते. जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाने २०१६ साली मिठाच्या कणाहून लहान अशी भिंगे प्रकाशतंतूच्या टोकावर छापून दाखविली. ज्या नॅनोस्क्राइब कंपनीच्या यंत्रावर ती छापली, ती कंपनीही कार्ल्सरुहेच्या संशोधकांनीच २००७ साली काढलेली. जर्मनांना हे नवे नाही. येना येथे झाइस या कारागिराने १८६६ साली आबे या विद्यापीठातील गणितज्ञाला हाताशी धरले, तेव्हाच सूक्ष्मदर्शकाचा धंदा अंदाजावरून गणितावर आला.

आमच्याकडे मात्र शोधनिबंध प्रसिद्ध झाला, पदोन्नतीचे गुण पदरात पडले, की संशोधनाची इतिश्री! कायद्याची आडकाठी आहे म्हणावे तर तसेही नाही. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ दिले. केंद्राच्या २०१९ च्या धोरणाने प्राध्यापकाला रजा घेऊन उद्योग काढण्याची मुभा दिली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी आयडियाफोर्ज काढून ड्रोन बनविलेच ना?

खरी अडचण मधल्या वाटेवर आहे. प्रयोगशाळेत एक भिंग उत्तम साधते. गिऱ्हाईक मागतो हजार, आणि तीही एकसारखी. राळ काही महिन्यांनी पिवळी पडते काय, पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत आहे काय, उन्हाळ्याच्या उष्म्यात आकार बदलतो काय, हे मोजण्यातच दोन-तीन वर्षे जातात. त्या काळात पोशिंदा कोणी नसतो. प्रबंधाबरोबर अनुदान संपते आणि बँक तारण मागते. बापाची चार एकर हळदीची जमीन गहाण टाकून मुलाने भिंगे छापावीत, अशी कोणाची अपेक्षा आहे काय? शहाणा मुलगा पुण्याची गाडी पकडतो, आणि त्याला आम्ही दोष देणार नाही.

हिंगोली जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने म्हणून प्रथम भिंगे मोजण्याची सुसज्ज खोली उभारावी आणि ती बाहेरच्या तरुणांनाही माफक भाड्याने द्यावी. शोधाचे एकस्व कोणाचे आणि विद्यार्थ्याचा वाटा किती, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच कागदावर यावे. मागाहून होणारी भांडणे धंद्याला मारतात. सरकारने पहिल्या मालाची खरेदी आपल्या रुग्णालयांसाठी करावी. आणि वेधशाळेला भोवतालच्या कामांसाठी कोणकोणती लहान प्रकाशसाधने लागतील, त्यांची यादी कुलगुरूंनी आजच मागवून घेऊन त्यांतील कोणती येथे होऊ शकतील हे जाहीर करावे.