बिनव्याजी फसवणूक

दुबईत मला ९ वर्षं झाली. इथं महागडा फोन घ्यायला खिशात पैसे असावे लागत नाहीत. ॲपवर बोट टेकवलं की किंमत ४ हप्त्यांत वाटली जाते. खाली लिहिलेलं असतं, व्याज नाही. झालं! व्याज नाही म्हणजे गुनाह नाही, असा सोपा हिशेब आपण पोरं लावतो.

पण ही खैरात नव्हे. हप्त्याची कंपनी आपलं कमिशन दुकानदाराकडून घेते. दुकानदार ते खुशीनं देतो, कारण हप्त्यावर माणूस गरजेपेक्षा जास्त घेतो.

मीही घेतला. ईदला रत्नागिरीत अम्मीसाठी नवा फोन पाठवला. अमिरातीतून व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. त्यासाठी वेगळं ॲप लागतं, ते तिला जमेना. फोन कपाटात गेला. हप्ते भरता भरता धाकट्या बहिणीची कॉलेजची फी मात्र थकली. तिनं मला सांगितलंही नाही.

दोस्तांनो, गल्फवाला म्हणजे नवा फोन, अत्तर आणि चॉकलेट, ही समजूत घरच्यांनी नाही, आपणच वाढवली. कर्ज बिनव्याजी असलं तरी ते फेडावंच लागतं, आणि कधी कधी ते आपल्याऐवजी बहीण फेडते. पगारातून आधी फी जाऊ द्या.

अम्मीला मी आजही तिच्या जुन्या फोनवरच साधा कॉल लावतो. आवाज अगदी स्पष्ट येतो.