पुस्तकातला काळा चौकोन

परवा आमच्या बचत गटाची मासिक बैठक संपली. वह्या मिटल्या, सतरंजी गुंडाळून झाली, तरी एक ताई काही जागची उठेना. साताऱ्यात आमच्या शेजारच्या वस्तीत राहणारी ही ताई चार घरची धुणीभांडी करते. बाकीच्या बायका गेल्यावर तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, 'ताई, जरा वाचून सांगता का? पोरीच्या शिक्षणाचं आहे म्हणून सही केली, पण आता जीव थाऱ्यावर नाही.'

कागद इंग्रजीत होता. शिकवणीच्या कुठल्याशा ॲपचा करार. महिना बावीसशे रुपये, असे अठरा हप्ते. आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की ही रक्कम म्हणजे एका फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. ताईला वाटत होतं, ही फी आहे, नाही पटलं तर पुढच्या महिन्यापासून द्यायची नाही! हिशेब केला, तर रक्कम जवळजवळ चाळीस हजारांवर जात होती.

'सही कशी केलीस गं?' मी विचारलं. तर म्हणाली, 'टाय लावलेला मुलगा घरी आला होता. पोरीला चार प्रश्न विचारले. एकाचं उत्तर आलं नाही, तर म्हणाला, बघा काकू, पाया कच्चा आहे. आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीला रडाल. ताई, मी चौथीपर्यंत शिकलेली. मला काय कळणार त्यातलं?'

मैत्रिणींनो, त्या मुलानं विकलं काय, तर एका आईची भीती. आणि ती भीती विकत घ्यायला चौथी शिकलेलीच बाई लागते असं नाही. पदवीधर बायकाही ती रांग लावून घेतात.

मी तिच्या मुलीला दप्तर घेऊन बोलावलं. मुलगी नगरपालिकेच्या शाळेत सातवीला. तिचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि पाठाशेजारी छापलेला काळा-पांढरा चौकोन दाखवून आईला विचारलं, 'हे काय आहे, माहीत आहे?' ताई म्हणाली, 'किंमत असेल. बिस्किटाच्या पुड्यावर असतंय तसं.'

हसू नका. मीही कितीतरी दिवस त्या चौकोनाकडे असंच पाहिलं होतं. तो आहे क्यूआर कोड. केंद्र सरकारनं २०१७ साली 'दीक्षा' नावाचं ॲप सुरू केलं. मोबाइलमध्ये ते ॲप घेऊन हा चौकोन कॅमेऱ्यासमोर धरला, की त्या पाठाशी संबंधित व्हिडिओ आणि इतर साहित्य समोर येतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या कोडवरून अख्खं डिजिटल पुस्तक मिळतं. मराठीत. आणि एक पैसा न देता. ज्या गोष्टीसाठी ताई चाळीस हजारांच्या कर्जात पडली होती, तिचा बराचसा भाग मुलीच्या दप्तरात आधीपासूनच होता. तेही शाळेतून फुकट मिळालेल्या पुस्तकात!

'हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो,' ताई म्हणाली. हे वाक्य माझ्या मनातून जाता जाईना. म्हणून आजचा हा लेख.

आता थोडं माझंही सांगते. दुसऱ्याच्या घरातलं दाखवायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नव्हे. २०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून माझा मुलगा आठवीचे तास मोबाइलवर करू लागला. मी काय केलं? त्याला वेगळी खोली दिली, दार लोटून घेतलं, 'आवाज करू नका, त्याचा तास चालू आहे' म्हणून घरच्यांना दटावलं आणि वेळेवर दूध-खाणं आत पोचवलं. मला वाटलं, आईचं काम झालं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर कळलं, की चिरंजीवांना बैजिक राशींचे अवयव म्हणजे काय याचा पत्ताच नाही. तास चालू असायचा आणि शेजारी गेमही चालू असायचा. फोन त्याचा होता, खोली त्याची होती, आणि मी दाराबाहेर होते.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. गणित दहावीला सोडलं, ते सुटलं म्हणून देवापुढे पेढे ठेवले होते! मी त्याला काय शिकवणार? पण एक केलं. रोज रात्री जेवणं आटोपली, की त्याच्या शेजारी बसून त्याच पाठाचा व्हिडिओ मीही पाहू लागले. मध्येच थांबवायचे आणि म्हणायचे, 'थांब, हे कसं आलं? मला नाही कळलं, सांग बघू.' सुरुवातीला तो वैतागला. मग सांगू लागला. सांगता सांगता अडखळला, की त्याचं त्यालाच कळायचं, आपलं नेमकं कुठं अडतंय. माझं न येणंच कामाला आलं म्हणायचं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. नेटवरचं हे शैक्षणिक साहित्य मुलांसाठी आहे असं आपण म्हणतो. पण ते आधी पालकांसाठी आहे. आई किंवा बाप शेजारी बसले तर तो गुरू, नाही तर नुसतं खेळणं.

हे मी नुसतं माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल देशातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांची पाहणी करतो. २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांना विचारलं होतं, की गेल्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला. अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरणारी मुलं निघाली सुमारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. म्हणजे फोन आता घरोघरी पोचला. त्याच्यासोबत बसणारं माणूस मात्र अजून पोचायचं आहे.

आता काही जणी म्हणतील, 'बसू हो, पण बघायचं काय? नेट म्हणजे तर जंगल.' खरं आहे. म्हणून ज्या वाटा मी स्वतः तुडवल्या आहेत, तेवढ्याच सांगते.

पहिली वाट पाठ्यपुस्तकाची. 'बालभारती'च्या संकेतस्थळावर राज्य मंडळाची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. पुस्तक शाळेत विसरलं, पावसात भिजलं, तरी अभ्यास अडत नाही. तिथंच आणखी एक खजिना आहे. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक. मी लहानपणी वाचलेला अंक मुलाला दाखवला, तेव्हा आम्ही दोघंही तासभर तिथंच रमलो.

दुसरी वाट गोष्टींची. 'प्रथम बुक्स'नं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. त्यावर मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, त्याही वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे. पहिल्या पायरीवर एकेका पानावर एखाद-दुसरं वाक्य, पुढे हळूहळू मोठा मजकूर. ज्या आयांना स्वतःला वाचताना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी तर हे वरदानच.

तिसरी वाट हाताला काम देणारी. पद्मश्री अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी आजच पाहावं. काड्यापेटीच्या काड्या, जुन्या बाटल्या, रबरबँड, स्ट्रॉ अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची, हे ते दाखवतात. मराठी पुस्तकंही तिथं मोफत आहेत. रविवारी दुपारी मुलांना हे लावून द्या आणि तुम्हीही कात्री घेऊन बसा.

चौथी वाट आपल्या जिल्ह्यातूनच निघाली आहे, याचा मला अभिमान वाटतो. वाईला तयार झालेला 'मराठी विश्वकोश' आता नेटवर वाचता येतो. मुलानं 'भूकंप का होतो?' विचारलं, की 'गप्प बस' म्हणण्याऐवजी 'चल, शोधू' म्हणता येतं.

आणि २०२० च्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर लागणारी 'टिलीमिली' आठवते? पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती. टीव्हीसमोर मुलासोबत आजीही बसायची. शिकणं ही घरादाराची गोष्ट असू शकते, हे त्या वाईट दिवसांत आपण थोडंफार अनुभवलं. ते विसरू नये एवढंच.

पैसे देऊन काही घ्यायचंच झालं, तर मात्र डोळे उघडे ठेवा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं २३ डिसेंबर २०२१ रोजी पालकांसाठी याच विषयावर सावधगिरीची सूचना काढली होती. हप्ते बँक खात्यातून आपोआप कापून घ्यायला परवानगी देऊ नका, नकळत कर्जावर सही होत नाही ना ते पाहा, पावती मागा, असा त्यातला सल्ला आजही तितकाच खरा आहे. फसवणूक झाली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. घरी येऊन मुलाची परीक्षा घेणाऱ्या माणसासमोर लगेच सही करू नका. 'आमच्या ह्यांना विचारून सांगते' हे वाक्य आपण एरवी नको तिथं वापरतो, ते इथं खुशाल वापरा!

पण सगळा भार आयांच्या डोक्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. कितीतरी घरांत फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात असतो. तो रात्री नऊला घरी येतो, तोवर पोर पेंगायला लागतं. अशा घरात संध्याकाळचा अर्धा तास फोन मुलांच्या नावानं बाजूला काढून ठेवायला पुरुषांनीही शिकायला हवं. वायफाय मिळेल तिथं 'दीक्षा'वरचं साहित्य उतरवून ठेवलं, तर घरी नेट पॅक नसतानाही ते पाहता येतं.

आणि शाळेचं काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. म्हणजे कायद्यानं आपल्याला खुर्ची दिली आहे. आपण मात्र रजिस्टरवर सही करून चहा पिऊन परत येतो. येत्या पालक सभेत एवढंच मागा, की अर्धा तास आम्हाला तो चौकोन कसा वापरायचा ते दाखवा. सरांना वेळ नसेल, तर वरच्या वर्गातली मुलं दाखवतील. पुस्तकात कोड छापला म्हणजे तो घरात पोचला असं होत नाही. मधली वाट कुणीतरी चालावी लागते.

आमच्या ताईचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. हेल्पलाइनला तक्रार केली, बँकेत जाऊन अर्ज दिला, मंडळातल्या एका वकीलबाईंनी कंपनीला पत्र लिहून दिलं. दोन महिने खेटे घातल्यावर हप्ते थांबले. आधी कापले गेलेले दोन मात्र परत मिळाले नाहीत. चव्वेचाळीसशे रुपये. ताई म्हणते, 'ती माझी फी समजा.'

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, तर मायलेकी भिंतीला टेकून बसलेल्या. मध्ये फोन. मला वाटलं, मुलीचा अभ्यास चालला असेल. पाहते तर ताई एका चित्रगोष्टीतलं वाक्य बोट ठेवून, अक्षर लावून लावून वाचत होती. एका जोडाक्षरावर अडली. मुलगी म्हणाली, 'आई, घाई नको करू. परत बघ.'

त्या दोघींना माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती. मी दारातूनच परत फिरले.