‘वय उलटले’ कोणाचे?

जन्मतःच मोतीबिंदू असलेले मूल आठ-दहा वर्षांचे झाले, की ‘आता शस्त्रक्रिया करून काय उपयोग?’ असे केवळ घरचेच नव्हेत, तर जाणती माणसेही विचारू लागतात. या निराशेला शास्त्राचाच आधार होता. दृष्टी घडण्याचा काळ कोवळ्या वयात सरतो आणि मग मेंदू पाहावयास शिकत नाही, असे दीर्घकाळ मानले गेले.

स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधास दृष्टी लाभली, तर तो नुसत्या नजरेने त्यांतील भेद सांगू शकेल काय, असे डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञास विचारले होते. लॉक यांनी ‘नाही’ म्हटले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातील ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर लगेच परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेली वस्तू मुलांना डोळ्यांनी ओळखता येईना. म्हणजे लॉक बरोबर ठरले. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. काही दिवसांतच, कोणी न शिकविता, मुलांना ती ओळख पटू लागली! अशा मुलांची नजर पुढेही अधूच राहते, आणि शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी, हे खरेच. तथापि उशीर म्हणजे नकार नव्हे.

ज्यांना दृष्टी येणारच नाही, त्यांच्याही मेंदूतील दृष्टीचा भाग ओसाड राहत नाही. ब्रेल वाचताना तो कामास लागतो, हे १९९६ साली दिसून आले. २००० साली नोंदल्या गेलेल्या एका जन्मांध स्त्रीचे उदाहरण तर विलक्षण आहे. ब्रेल वाचनात निष्णात असलेल्या या बाईंच्या मेंदूच्या नेमक्या त्याच भागास झटक्याने इजा झाली. ठिपके बोटांना जाणवत, पण अक्षरे लागेनात. ध्वनिफिती आल्या, आता ब्रेलचा खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ऐकणे हे वाचन नव्हे.

शस्त्रक्रिया होऊन बारा वर्षांचे मूल शाळेच्या दारी येते, तेव्हा त्यास पहिलीत बसविणे हास्यास्पद आणि सहावीत बसविणे क्रूर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने यावर तोड सांगितली आहे: वयानुरूप वर्ग, त्यासोबत विशेष प्रशिक्षण आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंत मोफत शिक्षण. मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारण्यापूर्वी हे कलम वाचावे. आणि ते प्रशिक्षण देणारा शिक्षक शाळेत नसेल, तर त्याची मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवावी.